भंगारातून आलेला बिलिंग काउंटरचा डिस्प्ले घरच्या कॉम्प्युटरला कसा जोडायचा?

चकमक

नमस्कार मंडळी,

बिलिंग काउंटरवर दांड्याला बसवलेला, ग्राहकाकडे तोंड केलेला दोन ओळींचा डिस्प्ले असतो ना, तसा एक भंगारातून हाती आलाय. एलसीडी नाही, हिरवट-निळी अक्षरं आपल्याच उजेडाने उमटतात तो प्रकार. दोन ओळी, प्रत्येकीत २० घरं. काच शाबूत आहे. मागचं लेबल घासून पार पुसलंय, त्यामुळे मॉडेल कुठलं, किती व्होल्टवर चालतो, काही म्हणजे काही कळत नाही. दांड्यातून एक केबल निघते आणि तिच्या टोकाला नेटवर्क केबलला असतो तसा आठ पिनांचा प्लग आहे. अ‍ॅडॉप्टर मिळाला नाही.

मला तो टेबलावर ठेवून कॉम्प्युटरवरून वेळ, प्रोसेसरचं तापमान, आलेल्या मेलचा विषय असं काहीबाही दाखवायचंय. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. मल्टीमीटर आहे, डाग देता येतो, पायथन जुजबी येतं.

उघडून पाहिलं. काचेच्या मागे एकच बोर्ड. त्यावर एक मोठी चौकोनी चिप, तिच्यावर स्टिकर. एक १६ पायांची चिप, तिच्यावरचं शेवटचं '२३२' तेवढं वाचता येतं, आणि तिच्या आजूबाजूला चार छोटे कपॅसिटर. एका कोपऱ्यात छोटा ट्रान्सफॉर्मर आणि चार खटक्यांची लाल पट्टी.

सुरुवात कुठून करू? प्लग राउटरमध्ये बसतोय, पण लावलेला नाही.

तांबडी तार

लावला नाहीत ते उत्तम केलंत. प्लगचा आकार तेवढा सारखा, आतल्या तारांचा नेटवर्कशी काही संबंध नाही. त्यातल्याच एका तारेतून बोर्डाला वीज जात असणार.

'२३२' दिसलं म्हणजे बोर्डाचा नकाशाच हाती आला असं समजा. ती मॅक्स२३२ (सिरियल तारेवरचे व्होल्ट आतल्या चिपांना झेपतील असे बदलून देणारी) किंवा तिच्या जातीची चिप आहे, आणि या चिपा कोणीही बनवल्या तरी पायांचा क्रम तोच ठेवतात. चिपेवरची खाच डावीकडे धरा. खालच्या रांगेत डावीकडून १ ते ८, वरच्या रांगेत उजवीकडून ९ ते १६.

आता वीज न देता, मीटर बीप मोडवर ठेवून बसा. पाय १५ म्हणजे ग्राउंड. एक टोक त्यावर ठेवा आणि दुसरं प्लगच्या आठही पिनांवरून फिरवा. जिथे बीप होईल ती ग्राउंडची तार. कधी कधी अशा दोन तारा निघतात, घाबरू नका. मग हेच पाय १६ वरून करा. हा चिपेचा ५ व्होल्टचा पाय. तो प्लगच्या एखाद्या पिनेशी थेट बीप देत असेल तर बोर्डाला बाहेरून ५ व्होल्टच लागतात, विषय संपला. बीप आला नाही तर मध्ये रेग्युलेटर (व्होल्ट उतरवून ५ वर स्थिर ठेवणारा भाग) आहे. तो ७८०५ असेल तर त्याच्या पहिल्या पायापासून माग काढा, तिथे ९ ते १२ व्होल्ट अपेक्षित असतात.

शेवटी डेटा. १३ आणि ८ हे बाहेरून सिग्नल आत घेणारे पाय, १४ आणि ७ हे आतून बाहेर पाठवणारे. यातला कोणता पाय प्लगपर्यंत पोचतो ते शोधा. इथे एक खोच आहे: या तारांवर बहुतेक वेळा १०० ओहम ते १ किलोओहमचा रेझिस्टर मध्ये घातलेला असतो. मग बीप होत नाही आणि माणूस तार तुटली असं धरून चालतो. म्हणून या चार पायांसाठी मीटर ओहमवर ठेवा.

एवढं कागदावर उतरवून इथे टाका. तोवर कसलीही वीज देऊ नका.

घुबड

+१. अंदाजाने १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून ५ व्होल्टचे बोर्ड मारलेले लोक मी पाहिलेत. दहा मिनिटांचा माग काढायचा कंटाळा फार महागात पडतो.

चकमक

तांबडी तार, सांगितलंत तसंच केलं. तक्ता असा:

पाय १५ ची बीप प्लगच्या दोन पिनांवर, ४ आणि ५.
पाय १६ ची थेट बीप पिन ८ वर.
पाय १३ ते पिन ३, मध्ये १०० ओहमच्या आसपास.
पाय १४ ते पिन ६, तेवढेच ओहम.
पाय ७ आणि ८ प्लगपर्यंत जातच नाहीत.

म्हणजे ५ व्होल्ट नक्की ना? यूएसबीतूनच देऊन टाकू का?

निर्वात

५ व्होल्ट नक्की. यूएसबीतून मात्र देऊ नका, निदान पहिल्यांदा तरी. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपुरता बांधील आहे, आणि ही काच सुरू होताना त्याहून जास्त ओढू शकते. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्या. त्याचं ग्राउंड आणि कॉम्प्युटरचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं, हे पुढे कामाला येईल.

ही काच काय चीज आहे ते थोडं सांगतो, कारण ती समजली की तिला सांभाळणं सोपं जातं. ही व्हीएफडी, म्हणजे निर्वात काच. आत आडव्या ताणलेल्या केसाइतक्या बारीक तारा दिसतील, ते फिलामेंट. ते जेमतेम तापतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. मधली जाळी त्यांना पुढे जाऊ देते किंवा अडवते, आणि मागच्या अ‍ॅनोडवर झिंक ऑक्साइडचा लेप आहे, त्यावर ते आदळले की तो हिरवट-निळा उजळतो. फिलामेंटला दोनचार व्होल्ट पुरतात, पण जाळी आणि अ‍ॅनोडला २० ते ५० व्होल्ट लागतात. तुमच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर त्यासाठीच आहे, ५ व्होल्टातून ते वाढीव व्होल्ट तो बनवतो. म्हणून वीज चालू असताना त्या कोपऱ्यात बोट नको, आणि बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्या.

वीज द्यायच्या आधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्या. काचेच्या आत, बहुतेक एका कडेला, आरशासारखा चंदेरी किंवा काळपट डाग असेल. त्याला गेटर म्हणतात, आत उरलेली हवा तो शोषून घेतो. डाग चमकदार असेल तर निर्वात टिकून आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेत हवा शिरली, मग कितीही खटपट केली तरी ती उजळणार नाही.

आणि वीज दिल्यावर खोलीत अंधार करून फिलामेंट पाहा. ते दिसायला नको, फार तर किंचित तांबूस. लालभडक दिसलं तर ताबडतोब बंद करा.

चकमक

गेटर चंदेरी आहे! ५ व्होल्ट दिले. क्षणभर सगळे ठिपके एकदम उजळले, मग सगळं विझून वरच्या ओळीच्या पहिल्या घरात कर्सर लुकलुकायला लागला. फिलामेंट अजिबात दिसत नाही. एक घर बाकीच्यांपेक्षा फिकट आहे, तेवढंच. किती सुंदर उजेड आहे हा. फोटोत तो येतच नाही.

आता कॉम्प्युटरकडून काय जोडायचं? माझ्याकडे मायक्रोकंट्रोलरसाठी घेतलेला सहा पिनांचा यूएसबी-सिरियल तुकडा आहे, सीएच३४० चा.

शलाका

अभिनंदन. तो तुकडा इथे चालणार नाही, का ते सांगते.

सीएच३४० चा तुकडा टीटीएल पातळीवर बोलतो, म्हणजे ० आणि ५ किंवा ३.३ व्होल्ट, आणि गप्प असताना तार वर असते. तुमच्या डिस्प्लेच्या दारात मॅक्स२३२ आहे, म्हणजे त्याला आरएस-२३२ (जुन्या सिरियल पोर्टची पद्धत) हवं. तिथे सगळं उलटं. गप्प असताना तार ऋण व्होल्टवर असते, आणि १ म्हणजे ऋण, ० म्हणजे धन. टीटीएल तुकडा थेट जोडलात तर डिस्प्ले काहीतरी वाचेल, पण प्रत्येक बिट उलटा. शिवाय पिन ६ मधून बाहेर येणारे ऋण-धन व्होल्ट तुकड्याच्या पायावर गेले तर तो तुकडा जळेल.

पुढे नऊ पिनांचा कनेक्टर असलेली यूएसबी ते आरएस-२३२ केबल घ्या. आतली चिप कोणतीही असो, लिनक्स ती बहुधा आपसूक ओळखतो. जोडणी: केबलची ३ नंबरची पिन (कॉम्प्युटर बोलतो ती) डिस्प्लेच्या पिन ३ ला, केबलची ५ नंबरची पिन ग्राउंडला. बस, दोन तारा. डिस्प्लेची पिन ६ बहुधा 'थांब, माझी जागा भरली' सांगायची असेल. ती सध्या मोकळी सोडा.

जोडण्याआधी खात्री करा. केबल कॉम्प्युटरला लावा, मीटरचं काळं टोक ५ वर आणि लाल टोक ३ वर. उणे ५ किंवा त्याहून जास्त ऋण व्होल्ट दिसायला हवेत. तसे दिसले तर बोलणारी पिन तीच.

डिस्प्लेच्या बाजूचीही खात्री होते. वीज चालू ठेवून मॅक्स२३२ चा पाय २ मोजा, अधिक ८ ते १० व्होल्ट हवेत. पाय ६ वर तेवढेच उणे. चार छोटे कपॅसिटर आहेत ते हेच घडवायला. दोन्ही व्होल्ट बरोबर असतील तर चिप जिवंत आहे.

चकमक

पाय २ वर अधिक ९.१, पाय ६ वर उणे ८.८. केबलच्या ३ वर उणे ५.६. सगळं जोडलं. ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायला जोडतात तो जादा बिट) नाही, असं धरून पायथनमधून ० ते ९ अंक पाठवले.

अर्धे आलेत! ०, ३, ५, ६ आणि ९ अगदी स्वच्छ उमटले. १, २, ४, ७, ८ च्या जागी सगळीकडे एकच भरीव चौकट. कितीही वेळा पाठवलं तरी हेच. वेग २४०० आणि १९२०० करून पाहिला तर काहीच धड येत नाही, म्हणजे ९६०० बरोबर असावा. केबल बदलू का?

घुबड

केबलला हात लावू नका. तुमची यादीच उत्तर सांगतेय.

केबल किंवा ग्राउंड खराब असतं तर चुका कशाही झाल्या असत्या, आज ३ बिघडला, उद्या ७. इथे ठरावीक अंकच बिघडतात. ते कोणते ते बघू. अंकांचे कोड ४८ ते ५७. द्विमान पद्धतीत ४८ म्हणजे ११००००, दोन एक. ४९ म्हणजे ११०००१, तीन एक. अशीच मोजणी पुढे करा. ०, ३, ५, ६, ९ या पाचांत १ ची संख्या सम निघते आणि १, २, ४, ७, ८ या पाचांत विषम.

म्हणजे डिस्प्ले ७ बिट आणि सम पॅरिटीवर बसवलेला आहे, आणि तुम्ही ८ बिट पाठवताय. तुमचा आठवा बिट ० असतो, तोच त्याला पॅरिटीचा बिट वाटतो. सम अक्षरांत तो योगायोगाने बरोबर ठरतो. विषम अक्षरांत त्याला चूक सापडते आणि तो चौकट काढतो.

त्या लाल पट्टीवरचे खटके याचसाठी आहेत. सध्याची मांडणी कागदावर काढून ठेवा, मग एकेक खटका हलवून पाहा. प्रत्येक वेळी डिस्प्लेची वीज बंद करून पुन्हा चालू करा, कारण खटके फक्त सुरू होतानाच वाचले जातात. किंवा खटक्यांना न शिवता पायथनमध्येच ७ बिट, सम पॅरिटी ठेवा. पण मी ८ बिटच करून घेईन, पुढे वेगळी चिन्हं पाठवायची तर आठवा बिट लागणारच.

चकमक

घुबड, दंडवत! तिसरा खटका. वीज बंद-चालू केली आणि ० ते ९ सगळे आले. केबल बदलत बसलो असतो तर संध्याकाळ गेली असती.

आता पडदा पुसायचा कसा? नवीन मजकूर जुन्याच्या पुढेच लागतोय.

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली, फार छान चाललाय धागा.

या डिस्प्लेंमध्ये आज्ञांच्या दोनतीन पद्धती रूढ आहेत. सगळ्यात जास्त आढळते ती एप्सनची, बिलाच्या प्रिंटरसाठी केलेली ईएससी-पीओएस. दुसऱ्यांनी बनवलेले पुष्कळ डिस्प्लेही ती समजतात. आकडे दशमानात देतो, पायथनमध्ये बाइट्सची यादी करून तसेच पाठवा.

२७, ६४: सगळं मूळ स्थितीला.
१२: पडदा साफ.
११: कर्सर पहिल्या घरात.
३१, ३६, घर, ओळ: कर्सर हव्या त्या घरात. घर १ ते २०, ओळ १ किंवा २.
३१, ६७, ०: लुकलुकणारा कर्सर बंद.
३१, ८८, मग १ ते ४: उजळपणा, ४ सर्वांत जास्त.

आधी १२ पाठवून पाहा. पडदा पुसला गेला तर चांगलं लक्षण, पण पुरावा नव्हे, कारण दुसऱ्या पद्धतीतही १२ चा अर्थ हाच आहे. ३१, ८८, १ ने उजेड मंद झाला तर मात्र पद्धत हीच. तसं झालं नाही तर २७, ८१, ६५, मग मजकूर, शेवटी १३ पाठवा. मजकूर वरच्या ओळीत बसला तर ती सीडी५२२० नावाची पद्धत. खालच्या ओळीला ६५ ऐवजी ६६.

एक सवय लावून घ्या. दर सेकंदाला १२ पाठवून पूर्ण पडदा पुसू नका, डोळ्यांना लुकलुक जाणवते. कर्सर पहिल्या घरात न्या आणि ओळ २० अक्षरांची होईल इतक्या मोकळ्या जागा जोडून जुन्यावरच लिहा. पायथनमध्ये ते एका फंक्शनने होतं.

चकमक

एप्सनचीच निघाली, उजेड कमी-जास्त होतोय. घड्याळ चालू झालंय.

म्हणून हौसेने 'क' पाठवला. तर ग्रीक अल्फा, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, आणि डोक्यावर तिरपी रेघ असलेला ओ, अशी तीन चिन्हं आली. 'की' पाठवल्यावर सहा चिन्हं. हे काय आहे?

शलाका

तुमचा 'क' यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) तीन बाइटांचा होतो: २२४, १६४, १४९. डिस्प्लेला युनिकोड ठाऊक नाही, तो प्रत्येक बाइट आपल्या तक्त्यात बघतो. तक्ता आहे कोडपेज ४३७, जुन्या पीसीचा. त्यात २२४ ला अल्फा, १६४ ला नागमोडी एन, १४९ ला तो ओ. देवनागरीचं कुठलंही अक्षर पाठवा, पहिलं चिन्ह अल्फाच येणार आणि दुसरं तो एन, लहान किंवा मोठा. 'की' मधल्या वेलांटीचा दुसरा बाइट १६५, तिथे मोठा एन आला असेल बघा.

चकमक

हो, मोठाच आहे! मग यावर मराठी येणारच नाही का?

पाटीपेन्सिल

येईल, पण थोडी. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, जरा सविस्तर लिहितो.

एप्सनच्या पद्धतीत स्वतःची चिन्हं चढवायची आज्ञा आहे, आणि १६ बाय २ च्या साध्या एलसीडीतही अशी आठ चिन्हं ठेवता येतात. एका घरात ५ बाय ७ ठिपके. त्यात 'ग' असा बसतो:

■■■■■
□■□□■
□■□□■
□■□□■
■■□□■
□□□□■
□□□□■

आणि 'न' असा:

■■■■■
□□□□■
□□□□■
■■■■■
■■□□■
□□□□■
□□□□■

ग, ग, न ओळीने ठेवले की 'गगन' लांबूनही वाचता येतं. एलसीडीत चढवायचं तर 'ग' चे आकडे ३१, ९, ९, ९, २५, १, १, ०. प्रत्येक ओळ पाच बिटांची, डावीकडचा ठिपका १६, उजवीकडचा १.

अडचणी दोन. दोन घरांमध्ये एक मोकळी फट असते आणि तिथे ठिपकाच नाही, त्यामुळे शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर तुटते. ती कुठल्याही प्रोग्रॅमने जोडता येत नाही. दुसरी अडचण उंचीची. सात ओळींतली एक शिरोरेघेला गेली, मात्रा आणि रफार वर कुठे मांडणार? उकार खाली कुठे? 'क्ष' पाच ठिपक्यांत बसवायचा प्रयत्न करून पाहा म्हणजे कळेल.

म्हणून माझं मत: या डिस्प्लेवर अंक, घड्याळ, रोमन मजकूर ठेवा, आणि वारांची किंवा 'नवा', 'जुना' अशी ठरावीक अक्षरं स्वतः कोरून बसवा. पूर्ण मराठी हवी तर ग्राफिक डिस्प्ले शोधा, ज्यात ठिपके सलग असतात. १२८ बाय ६४ चा केएस०१०८ जातीचा असला तरी पुरे. मजकुराचं चित्र कॉम्प्युटरवर तयार करा आणि नुसते ठिपके पाठवा, १०२४ बाइटांत सगळा पडदा मावतो. पायथनच्या पिलो लायब्ररीने चित्र करताना रॅक्म (अक्षरांची मांडणी जुळवणारी लायब्ररी) जोडलेलं आहे ना ते बघा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. मराठी तुटकी दाखवण्यापेक्षा थोडी पण नीट दाखवावी, असं मला मनापासून वाटतं.

अबोली

धागा वाचून मीही कपाट उघडलं. बिघडलेल्या प्रिंटरमधून काढलेला १६ बाय २ चा एलसीडी आहे, १६ पिनांची एक रांग. कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नाही म्हणून मध्ये अर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घातलाय. वरच्या ओळीत काळे चौकोन दिसतात, खालची ओळ कोरी. डिस्प्ले गेलाय का?

तांबडी तार

अबोलीताई, डिस्प्ले ठणठणीत आहे. वरची ओळ काळी, खालची कोरी, याचा अर्थ वीज पोचली, कॉन्ट्रास्टही बरोबर आहे, पण त्याला अजून कुणी जागं केलेलं नाही.

हा हिताचीच्या एचडी४४७८० चा वंश. जागं करायची रीत ठरलेली आहे. वीज आल्यावर ४० मिलिसेकंद थांबायचं, मग वरच्या चार तारांवर ३ पाठवायचा, ४.१ मिलिसेकंद थांबून पुन्हा ३, १०० मायक्रोसेकंद थांबून पुन्हा ३, आणि मग २. या २ नंतर तो चार तारांवर बोलायला लागतो. लायब्ररी हे सगळं करते, पण तारा चुकीच्या पिनांवर असतील तर तिला ते कळत नाही. म्हणून ४ (आरएस), ६ (ई) आणि ११ ते १४ या तारा पुन्हा तपासा, आणि ५ नंबरची पिन ग्राउंडला आहे ना ते पाहा. ती मोकळी लोंबत असेल तर असंच होतं.

आणखी एक. कॉम्प्युटरवरून पोर्ट उघडला की अर्डुइनो उनो रीसेट होतो. सुरू व्हायला त्याला एकदोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात पाठवलेलं सगळं वाया जातं. पोर्ट एकदा उघडा, दोन सेकंद थांबा, मग लिहा, आणि तो उघडाच ठेवा.

पुढे तारा कमी करायच्या असतील तर मागे पीसीएफ८५७४ चा तुकडा लावा, चार तारांत काम होतं. एलसीडीप्रॉक हा प्रोग्रॅम या जातीच्या डिस्प्लेंना थेट ओळखतो.

अबोली

पाच नंबरच लोंबत होती! आता अक्षरं येतायत. खूप आभार.

शेवाळ

अवांतर: जुन्या लॅपटॉपचं पॅनेल एचडीएमआयला जोडता येतं का? हाच धागा आहे म्हणून विचारतो.

शलाका

थेट नाही. पॅनेल एलव्हीडीएस किंवा ईडीपी (लॅपटॉपच्या आतल्या जोडणीच्या पद्धती) बोलतं, मध्ये कंट्रोलर बोर्ड लागतो. पॅनेलच्या पाठीवर मॉडेल नंबर छापलेला असतो. पॅनेल लॅपटॉपच्या नंबरावरून नव्हे, त्या नंबरावरून शोधा, आणि बोर्ड घेताना त्याच पॅनेलसाठीचं फर्मवेअर मागा. चित्र आलं पण रंग पोस्टरसारखे पट्ट्यापट्ट्यांचे दिसले, तर बोर्डाची बिटांची मांडणी जुळत नाही. ती सेटिंगमधून बदलते, पॅनेल टाकू नका. पाठीमागचा दिवा ट्यूबचा असेल तर त्याच्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्ट असतात, चालू असताना उघड्या बोर्डाजवळ हात नको. बाकी यासाठी वेगळा धागा काढा, विषय मोठा आहे.

कासवचाल

माझ्याकडे डीव्हीडी प्लेअरची नुसती व्हीएफडी काच आहे. बोर्ड तेव्हाच टाकून दिला. ती अशी जोडता येईल?

निर्वात

काचेवरून सुरुवात करता येते, पण वाट लांब. दोन्ही टोकांच्या शेवटच्या पिनांमध्ये काही थोडे ओहम मिळतील, ते फिलामेंट. त्याला दीड व्होल्टपासून सुरुवात करा. मग एक जाळी आणि एक अ‍ॅनोड अधिक १२ ते २४ व्होल्टला धरा, एखादा भाग मंद उजळेल. अशा रीतीने प्रत्येक पिन शोधून तक्ता करायचा. फिलामेंटला सरळ डीसी दिलं तर काचेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा उजळ दिसतं, म्हणून कायमच्या वापराला एसी लागतो. त्यापुढे मॅक्स६९२१ सारखी जास्त व्होल्ट सोसणारी ड्रायव्हर चिप, वाढीव व्होल्टचा वेगळा पुरवठा, आणि जाळ्या एकामागून एक चालवणारा प्रोग्रॅम.

बोर्ड असता तर त्यावर बहुधा पीटी६३१२ सारखी चिप मिळाली असती. हे सगळं ती आत करते आणि बाहेर दोनचार सिरियल तारा देते.

म्हणून हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, भंगारातून काच काढाल तेव्हा तिच्यामागचा बोर्ड, रिबन केबल आणि असेल तर पुरवठ्याचा तुकडाही सोबत काढा. पट्टी कापू नका. काच टिकाऊ असते, बोर्डातलं ज्ञान पुन्हा मिळत नाही.

चकमक

सद्यस्थिती: वरच्या ओळीत वेळ आणि वार (वार स्वतः कोरलेले, पाटीपेन्सिल यांच्या कृपेने), खालच्या ओळीत तापमान. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप चालू होतं. दुसरं यूएसबी यंत्र लावलं की पोर्टचा क्रमांक बदलत होता, म्हणून क्रमांकाऐवजी लिनक्स केबलच्या ओळखीवरून जो कायमचा मार्ग देतो तो वापरला. आपला युजर डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेला लिनक्सचा गट) घालावा लागला, नाहीतर परवानगी नाकारली जाते.

आता शेवटचा प्रश्न. दिवसभर चालू ठेवला तर चालेल का? ते एक घर आधीच फिकट आहे.

निर्वात

ते घर फिकट आहे कारण तिथे वर्षानुवर्षं बहुधा एकच चिन्ह उजळत राहिलं. लेप जिथे जास्त जळतो तिथे आधी थकतो. तुमच्याही घड्याळात दोन अंकांमधली ती दोन टिंबं कधी हलत नाहीत, तिथे हेच होईल.

उजळपणा १ किंवा २ वर ठेवा, घरात तेवढा पुरतो. दर तासाला मजकूर एकदोन घरं सरकवा, कधी ओळींची अदलाबदल करा. रात्री ठरलेल्या वेळी आणि कॉम्प्युटरचा पडदा झोपी गेला की १२ पाठवून कोरा ठेवा. वीज तोडायची गरज नाही. फिलामेंट चालू राहील, पण लेपावर भार पडणार नाही.

फिकट घर पूर्वीसारखं होणार नाही, पण त्याच्या जागी मोकळी जागा येईल अशी ओळ मांडा. वेळ आणि वार यांच्या मध्ये ते घर नेता येतंय का पाहा.